चपला दिसल्या, नोंद नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चार महिन्यांपूर्वी आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर एक छोटी बातमी आली होती. शहरातला एका मोठ्या नेत्याचा कार्यक्रम शांततेत पार पडला आणि खबरदारी म्हणून विरोधी पक्षाच्या काही कार्यकर्त्यांना ताब्यात घेऊन नंतर सोडून देण्यात आलं, एवढंच तिच्यात होतं. ते कात्रण मी जपून ठेवलं आहे. त्या ‘काही’ कार्यकर्त्यांमध्ये माझे मिस्टर होते. ‘ताब्यात घेऊन’ आणि ‘नंतर सोडून’ या दोन शब्दांच्या मधे अठरा तास दहा मिनिटं गेली. त्यांच्याबद्दल हे पत्र आहे.

मी ऐरोलीत राहते. एका पालिकेच्या रुग्णालयात एकतीस वर्षं नोंदणी विभागात लिपिक होते, आता निवृत्त आहे. केसपेपर काढायचा, नाव, वय, पत्ता, आणलं कोणी, किती वाजता, हे विचारून लिहायचं, एवढंच माझं काम. मिस्टर रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत होते, तेही आता घरीच असतात. आम्ही प्रकल्पग्रस्त. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने सगळ्या जमिनी घेतल्या, वाढत्या कुटुंबासाठी गावठाणाला लागून घरं बांधावी लागली, आणि ‘गरजेपोटीची घरं’ म्हणून ती आजही कागदावर लटकलेली आहेत. मिस्टर ज्या पक्षाचं काम करतात तो सध्या सत्तेत नाही. त्यांचं पद म्हणाल तर वॉर्डातलं. निवेदनं द्यायची, मतदार यादीतली नावं तपासायची, कोणाच्या नळाला पाणी नसलं तर पालिकेत खेपा घालायच्या.

त्या दिवशी वीस-पंचवीस जण दंडाला काळ्या फिती लावून रस्त्याच्या कडेला उभे राहणार होते. घरांच्या प्रश्नावरचं निवेदन हातात असणार होतं. पोलीस ठाण्यात तसं लेखी कळवलंही होतं. माझ्या मते चूक झाली असेल तर तीच. त्या पत्राखाली मिस्टरांचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर होता.

आदल्या रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी साध्या कपड्यातले दोघे दारात आले. “काका, साहेबांनी पाच मिनिटं बोलावलंय.” मिस्टर बनियनवर होते. त्यांनी शर्ट घातला, कोल्हापुरी पायात सरकवल्या आणि गेले. नोटीस दाखवली नाही, कारण सांगितलं नाही, दोघांच्या छातीवर नावाची पट्टीही नव्हती. वीस मिनिटांनी फोन लावला तर बंद.

बाराच्या सुमारास मी पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसून पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी मान वर न करता सांगितलं, “या नावाचं इथे कोणी आणलेलं नाही.” आतल्या खोलीच्या दाराबाहेर पाच-सहा जोड चपलांचे होते. त्यांत मिस्टरांच्या कोल्हापुरी होत्या. उजव्या चपलेचा अंगठा मागच्याच महिन्यात मी घणसोलीच्या चांभाराकडून वेगळ्या रंगाच्या चामड्याने शिवून आणला होता. मी बोट दाखवून म्हटलं, “त्या चपला आमच्या आहेत.” अंमलदार म्हणाले, “ताई, चपलेवर नाव असतं का?”

संपादक महाशय, मी त्या बाकावर बसून राहिले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या कामाचा अर्थ पुरता कळला. रुग्णालयात अपघाताचा बेवारस माणूस आला, नाव सांगायला शुद्धीवर नसला, तरी आम्ही ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस’ असं लिहून त्याला नंबर देत होतो. त्या नंबरावर त्याच्यासाठी रक्त मागवता येतं आणि दोन दिवसांनी शोधत आलेल्या बायकोला वॉर्ड सांगता येतो. समोरच्या दाराआड माझा नवरा बसलेला होता. नाव सांगायला तो शुद्धीवर होता, आणि त्याला नंबर नव्हता.

पहाटे दोनच्या पुढे त्यांना मागच्या दाराने दुसऱ्या पोलीस ठाण्यात हलवलं. हे मला कोणी अधिकाऱ्याने सांगितलं नाही. बंदोबस्ताला सकाळपासून उभा असलेला एक शिपाई पाण्याची बाटली माझ्या हातात देता देता हळूच म्हणाला, “मावशी, इथे बसू नका, त्यांना तिकडे नेलंय.” त्याचा मी आजही मनातल्या मनात आभार मानते. त्याच्यावर काही येऊ नये म्हणून ठाण्याची नावं लिहीत नाही.

मिस्टरांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी मिश्र इन्शुलिनचं पेन लागतं. सकाळी पावणेआठला मी दुसऱ्या ठाण्यात पोचले. पिशवीत पेन, सुया आणि डबा होता. डब्यात तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि मेथीची भाजी. तिथेही आधी “कोणी नाही” झालं. मग मी औषधाचं नाव काढलं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तेव्हा एकाने पेन हातात घेतलं. मी त्याला दोनदा सांगितलं, अगदी पाढे म्हणवून घ्यावेत तसं: सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर खाली जाते आणि माणूस जातो. तो ‘हो हो’ म्हणाला. पेन आत गेलं. डबा टेबलावर राहिला. “साहेब आले की तपासून देतो.”

साहेब दहापर्यंत आले नाहीत. ते कार्यक्रमाच्या मैदानावर होते.

आत काय झालं ते मला नंतर त्यांच्याबरोबर ताब्यात असलेल्या एका मुलाने सांगितलं. मिस्टरांनी पावणेआठलाच सुई घेतली, कारण त्यांना वाटलं मागोमाग डबा येतोय. तीन वेळा त्यांनी जेवण मागितलं. नऊनंतर त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. एक हवालदार म्हणाला, “नाटक करतोय म्हातारा, घरी जायचंय त्याला.” तो मुलगा ओरडला की यांना काहीतरी गोड द्या, तर त्याच्या कानाखाली मारली. चोवीस वर्षांचा मुलगा आहे, बी.कॉम. झालेला. रात्री त्याचा अंगठा धरून मोबाइल उघडला होता आणि व्हॉट्सॲपचे सगळे ग्रुप बघून कोण कोण येणार होतं त्याची यादी काढली होती. दोन बायकाही होत्या. त्यांना रात्री साडेबाराला आणलं आणि सकाळी सातपर्यंत ठाण्यात एकही महिला पोलीस नव्हती. त्यातली एक मला म्हणाली, “काकी, मी सात तास लघवीला गेले नाही.”

सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी बाईला अटक करायची नाही, अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, असं कायद्यात लिहिलं आहे. पण ही अटक नव्हतीच ना. ही फक्त ‘विचारपूस’ होती.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी मिस्टरांना एका रुग्णालयात नेलं. रक्तातली साखर एक्केचाळीस. डेक्स्ट्रोज चढवलं तेव्हा डोळे उघडले. तिथल्या खिडकीवरचा मुलगा कधीकाळी माझ्या हाताखाली काम शिकलेला. आडनाव ओळखून त्यानेच मला फोन केला. मी पोचले आणि सवयीने आधी केसपेपर हातात घेतला. ‘रस्त्यात चक्कर येऊन पडले, पोलिसांनी आणले.’

ही एक ओळ वाचून माझ्या पायातलं बळ गेलं, साखर एक्केचाळीस ऐकूनही गेलं नव्हतं तेवढं. कारण अशी ओळ पुढे काय काय करते ते मला माहीत आहे. मिस्टर त्या दिवशी गेले असते तर ते रस्त्यात चक्कर येऊन गेलेले एक मधुमेही गृहस्थ ठरले असते. पोलिसांनी माणुसकी दाखवून त्यांना रुग्णालयात आणलं, असंही कोणी म्हटलं असतं. त्या रात्रीच्या बाकावर, त्या डब्यावर, त्या चपलांवर एका ओळीने माती लोटली असती. मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांपुढे हात जोडले आणि खाली ‘पत्नीच्या सांगण्यानुसार’ असं लिहून घेतलं: काल रात्री ११.२० पासून पोलिसांच्या ताब्यात, इन्शुलिननंतर जेवण दिले नाही. वेळ टाकून घेतली. डॉक्टर तरुण होत्या, कचरल्या, पण लिहिलं.

दुपारी डॉक्टरांनी सोडल्यावर त्यांना पुन्हा ठाण्यात नेलं, आणि संध्याकाळी साडेपाचला, नेत्यांच्या गाड्या ठाणे-बेलापूर रस्त्यावरून निघून गेल्यावर, घरी जायला सांगितलं. जाताना एका कागदावर ‘मिळाली’ म्हणून सही घेतली. ती कलम १६८ ची नोटीस होती, म्हणजे गुन्हा करू नका अशी आधीच दिलेली ताकीद. जुन्या लोकांना १४९ म्हटलं की कळेल, १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि आकडे बदलले. नोटिशीवर त्याच दिवसाची तारीख. म्हणजे सरकारी कागद वाचला तर मिस्टर त्या दिवशी ठाण्यात आले, नोटीस घेतली आणि घरी गेले, एवढंच घडलं आहे.

मी कायदा शिकलेली नाही, पण या चार महिन्यांत वाचते आहे. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात वॉरंटशिवाय अटक करता येते असा गुन्हा, घडणारच आहे आणि दुसऱ्या कशाने थांबणार नाही असं वाटलं तर पोलिसांना आधीच अटक करता येते. जुनं १५१, आताचं १७०. ती चोवीस तासांच्या वर चालत नाही. दंडाला फीत बांधून उभं राहणं हा कोणता दखलपात्र गुन्हा, ते पोलिसांनी सांगावं. पण निदान १७० लावलं असतं तर अटकेचा पंचनामा झाला असता, घरी कळवावं लागलं असतं, वैद्यकीय तपासणी झाली असती, वकील भेटला असता. म्हणून तेही लावत नाहीत. राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमाने अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायला सांगितलं आहे. इथे अठरा तासांतच सोडतात. न्यायालयाला काही कळायचं कारणच उरत नाही. आपल्या रक्षणासाठी घातलेली चोवीस तासांची मुदत अशी त्यांच्या सोयीची झाली आहे.

हे थांबावं म्हणून कोणी काही केलं नाही असंही नाही. डी. के. बसू या बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेच्या प्रमुखांनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना एक साधं पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं आणि दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ ला, अकरा नियम घालून दिले. नेणाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे. अटकेच्या कागदावर वेळ आणि साक्षीदाराची सही पाहिजे. नातेवाइकांना कळलं पाहिजे, आणि कोणाला कळवलं ते डायरीत लिहिलं पाहिजे. ते वाचताना मला वाटलं, हे तर आमच्या नोंदणी खिडकीचेच नियम आहेत. नव्या संहितेच्या ३७ व्या कलमात तर अटकेतल्यांची नावं प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळकपणे, डिजिटल पद्धतीनेही, लावायला सांगितली आहेत. मी ज्या दोन ठाण्यांत त्या रात्री आणि सकाळी बसले तिथल्या फलकांवर सायबर फसवणुकीपासून सावध राहण्याची सूचना होती आणि एका हरवलेल्या मुलाचा फोटो होता. नावं नव्हती.

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या ठाण्यांत कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष, ठेवायला सांगितलं. म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दोन्ही ठाण्यांच्या त्या रात्रीच्या स्टेशन डायरीचा उतारा आणि दाराबाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. उत्तर आलं: डायरीत सदर नावाची नोंद आढळून येत नाही, चित्रणाचा बॅकअप उपलब्ध नाही. तेव्हा तर घटनेला दोन महिनेही झाले नव्हते.

एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे, नाहीतर या पत्राला काही अर्थ नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मिस्टरांचा पक्ष सत्तेत होता. तेव्हाही मंत्री यायचे आणि तेव्हाही आदल्या रात्री समोरच्या पक्षाची माणसं उचलली जायची. आमच्याच आळीतल्या एकाला नेलं होतं. त्याची बायको मध्यरात्री लहान मुलीला कडेवर घेऊन माझ्या दारात आली, “भाऊजींना एक फोन करायला सांगा.” मिस्टरांनी फोन केला. तिकडून उत्तर आलं, उद्या कार्यक्रम झाला की सोडतील. मी तिला म्हटलं, “उद्या येतील गं, झोप जा.” आणि मी खरोखर झोपले. तो माणूस कुठे आहे, त्याने जेवलं का, त्याचं नाव कुठे लिहिलं आहे का, हे मी, दिवसाला दोनशे नावं लिहिणारी बाई, विचारलंही नाही. चार महिन्यांपूर्वीच्या त्या रात्री पहिल्या ठाण्याच्या बाकावर माझ्या शेजारी तीच येऊन बसली होती. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “आता कशाला ते.” मला मात्र ते सुटत नाही.

म्हणून कोणी मला सांगू नये की ही या सरकारची किंवा त्या सरकारची पद्धत आहे. मिस्टर १९८४ च्या जानेवारीत उरणला होते, सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या दि. बा. पाटलांच्या आंदोलनात, वयाच्या बावीसाव्या वर्षी. जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्याच आंदोलनातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. मिस्टरांच्या पाठीवर लाठीचा वळ बरीच वर्षं होता. पकडून नेल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या सासऱ्यांना मुलाचं नाव पोलिसांच्या यादीत सापडलं. सासरे निरक्षर होते, कोणाकडून तरी वाचून घेतलं. यादी वाचून झाल्यावर रस्त्यातच बसून रडले, असं सासूबाई सांगायच्या. मुलगा पकडला गेला म्हणून नाही, नाव सापडलं म्हणून. त्या भयंकर दिवसांतही यादी होती.

मोठ्या नेत्यांचं निराळं असतं. गेल्या वर्षी, ८ जुलै २०२५ ला, मीरा रोडच्या मोर्चाआधी मनसेचे अविनाश जाधव यांना पहाटे घरातून नेलं, तर उजाडायच्या आत सगळ्या वाहिन्यांवर होतं. मी त्या पक्षाची नाही, पण तेव्हाही मला ते पटलं नव्हतं. फरक इतकाच की त्यांना कुठे नेलं हे महाराष्ट्राला ठाऊक होतं. वॉर्डातल्या कार्यकर्त्यामागे कॅमेरा नसतो. त्याच्यामागे डायरीतली ओळच असते, ती नसेल तर घरातल्या माणसांनी चपला ओळखायच्या.

तळोजा कारागृह आमच्यापासून फार लांब नाही. आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी एल्गार परिषद प्रकरणात तिथे कैदेत असताना, पार्किन्सनने हात थरथरत असल्यामुळे पाणी पिण्यासाठी त्यांना सिपर पाहिजे होता आणि त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला, हे मी २०२० मध्ये पेपरात वाचलं होतं. पुढच्या जुलैत, खटला उभा राहण्याआधीच, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. वाचून वाईट वाटलं आणि पान उलटलं. टेबलावर झाकण न उघडलेला माझा डबा परत मिळाला तेव्हा तो सिपर मला आठवला.

माझी मागणी मोठी नाही. बंदोबस्त करू नका असं मी म्हणत नाही. व्हीआयपींचे दौरे असतात, पोलिसांवर वरून दडपण असतं, शिपाई बिचारे छत्तीस छत्तीस तास उभे असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ज्या माणसाला तुम्ही घरातून उठवून नेता, त्याला तुम्ही अटक म्हणा, ताबा म्हणा, विचारपूस म्हणा, आत पाऊल टाकताक्षणी त्याचं नाव आणि वेळ लिहा. कोणती औषधं चालू आहेत ते विचारून लिहा. घरच्यांना लिहून द्या की तो इथे आहे. दुसरीकडे हलवलात तर तेही लिहा. नवी मुंबई आणि ठाणे, दोन्ही पोलीस आयुक्तांनी एवढा एक लेखी आदेश काढावा. आणि जिल्ह्यातल्या सगळ्या पक्षांच्या आमदारांनी त्याच्यासाठी एकत्र सही करावी. आज जे सत्तेत आहेत त्यांचीही मुलं उद्या कोणाच्या तरी बाकावर बसणार आहेत.

तो बी.कॉम. झालेला मुलगा आता बैठकीला येत नाही. त्याच्या आईने त्याला पुण्याला मामाकडे पाठवलं. दोन बायकांपैकी एक येते. मिस्टरांच्या डाव्या हाताची थरथर गेलेली नाही. ती त्या सकाळची आहे की वयाची, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. दाराजवळच्या खुंटीला एक पिशवी कायम टांगलेली असते. तिच्यात ग्लुकोजची पुडी, बिस्किटं, चिठ्ठीची झेरॉक्स आणि वकिलांचा नंबर आहे. पेन फ्रिजमध्ये असतं, ते तेवढं आठवणीने घ्यायचं.

माझं नाव छापू नये ही विनंती. मुलीच्या पासपोर्टची पोलीस पडताळणी व्हायची आहे, आणि तिने मला तसं सांगितलं आहे. माहिती अधिकारातलं पहिलं अपील फेटाळलं गेलं, दुसरं केलं आहे. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही तक्रार पाठवली आहे. त्या कागदांवर मात्र माझी पूर्ण सही आहे, नाव आणि पत्त्यासकट. पोलीस आयुक्तालयात दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला आहे. शिक्का मारणाऱ्या लिपिकाने फक्त तारीख टाकली होती. मी त्याला वेळही टाकायला लावली, सकाळी ११.४०.

आपली,
एक निवृत्त नोंदणी लिपिक
ऐरोली, नवी मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)